शाळेच्या टीमचे सर आणि त्यांची टीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पंधरा दिवसांत ग्राउंडवर सिलेक्शन सुरू होतं आणि मग आई-बाबांचे तेच ते फोन सुरू होतात. मी शाळेत असताना खो-खो खेळले, आता बरीच वर्षं नागपुरात एका शाळेच्या मुलींच्या खो-खो टीमला शिकवते आणि माणूस कमी पडला की बास्केटबॉलच्या पोरांसोबतही उभी राहते, तर म्हटलं हे सगळे प्रश्न एकदाचे लिहूनच काढू. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे.

सरांची स्टाइल म्हणजे काय? ओरडणारे आणि न ओरडणारे, एवढंच ना?

आवाज त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे हो. टीममध्ये कोण खेळणार हे कोण ठरवतं आणि त्याचं कारण पोरांना कळतं का, चुकल्यावर काय होतं, कॅप्टनला खरंच काही अधिकार आहे की तो फक्त टॉसला जातो, बेंचवरच्या बाराव्या पोराचं नाव सरांना पाठ आहे का, पाय दुखत असला तर पोरगी सांगते की लपवते, हे सगळं मिळून स्टाइल होते. चेल्लादुराई म्हणून मूळचे भारतीय असलेले एक प्राध्यापक आहेत, त्यांनी १९८० मध्ये एका सहकाऱ्यासोबत कोचचं वागणं मोजायची एक प्रश्नावली केली, त्यात पाच गोष्टी बघतात: शिकवणं किती, पोरांना विचारणं किती, स्वतःचंच चालवणं किती, खेळाबाहेर आधार किती आणि शाबासकी किती. मला यातली आवडणारी गोष्ट ही की एकाच माणसात पाचही थोडं थोडं असू शकतं. आपण मात्र सरळ शिक्का मारतो, हे कडक, ते ढिले, विषय संपला.

मग ढोबळमानाने प्रकार किती?

तीन, आणि ते फार जुने आहेत. १९३९ साली अमेरिकेत कर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे क्लब केले, मुलं मुखवटे वगैरे बनवायची. काही क्लबांत मोठा माणूस फक्त हुकूम द्यायचा, काहींत मुलांना विचारून ठरवायचा, आणि काहींत नुसता बसून राहायचा. हुकूमवाल्या क्लबांत काम भरपूर व्हायचं, हे आधीच सांगून ठेवते नाही तर तुम्ही म्हणाल लपवलं. पण तो माणूस खोलीबाहेर गेला की काम जवळजवळ थांबायचं, आणि विचारून ठरवणाऱ्या क्लबांत तो गेला तरी मुलं करतच राहायची.

मी कुठलीही टीम बघायला गेले की हेच बघते. सर ऑफिसमध्ये सही करायला गेले, दहा मिनिटं ग्राउंडवर कोणीच मोठं नाही, आता काय होऊन राहिलं? वॉर्मअप चालू आहे की सगळे बाटल्या फेकून राहिले? सरांबद्दल जे कळायचं ते त्या दहा मिनिटांत कळतं.

पण मॅडम, कडक सरांचीच टीम जिंकते ना? आपल्या विदर्भाचंच बघा!

हा प्रश्न येणारच होता. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित विदर्भाच्या क्रिकेट टीमचे कोच म्हणून आले, शिस्तीला एकदम कडक माणूस, आणि त्याच सीझनला आपण इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकलो, पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याला सौराष्ट्राला हरवून परत जिंकलो. नंतर ते मध्य प्रदेशला गेले, तिथेही २०२१-२२ ला रणजी आली. म्हणजे कडकपणा चालतो, कोण नाही म्हणतं? पण ती टीम कोणाची होती बघा ना, त्यात वसीम जाफरसारखा चाळिशीला टेकलेला माणूस होता, क्रिकेट हेच ज्यांचं पोट आहे अशी मोठी माणसं होती. कोचच्या कडकपणाचं काय करायचं हे अशा माणसाला कळतं, आठवीतल्या पोराला नाही कळत, त्याला फक्त एवढंच कळतं की सर आपल्यावर चिडले. आणि पंडित गेल्यावरही २०२४-२५ ला उस्मान घनी कोच असताना विदर्भ परत चॅम्पियन झालाच की, म्हणजे मधल्या काळात पोरांनी काहीतरी स्वतःचं करून ठेवलं होतं.

शाळेत अजून एक भानगड असते. कडक सरांच्या टीमची पहिली दोन-तीन महिने प्रगती दिसते, कारण पोरं वेळेवर येतात, फिटनेस वाढतो, तालुका किंवा मनपाच्या राउंडला समोरच्या अर्ध्या टीम तर नावालाच आलेल्या असतात, तिथे शिस्तीवरच मॅच निघते. अडकायला होतं जिल्ह्याच्या सेमीफायनलला नाही तर विभागाला, जिथे समोरचीही टीम तयार असते आणि मध्येच काहीतरी वेगळं करावं लागतं. खो-खोत तीन जणींची तुकडी डिफेन्सला आत गेली की आतमध्ये त्या तिघीच, रिंग (गोल गोल पळणं) खेळू की चेन (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) पकडू हे चेझर, म्हणजे पकडणारी, अंगावर येत असताना एका सेकंदात ठरवायचं असतं, बाहेरून कितीही ओरडा, ऐकू येईस्तोवर ती बाद झालेली असते. व्हॉलीबॉलला एका सेटमध्ये दोन टाइमआउट, तेही तीस-तीस सेकंदांचे. वर्षभर जिला एकही निर्णय घेऊ दिला नाही ती तिथे काय घेणार? ती सरांकडे बघते. मी हे इतक्यांदा बघितलंय, बाद होण्याच्या आधी पोरगी साइडलाइनकडे मान वळवते आणि तिथेच तिचा खेळ संपतो.

आचरेकर सरांनी तर सचिनला थप्पड मारली होती. म्हणून तर तो घडला.

मारली होती, सचिननेच जाहीर सांगितलंय, स्वतःची मॅच सोडून सीनियर टीमची मॅच बघायला गेला म्हणून. पण त्याच सचिनने नोव्हेंबर २०१३ च्या निरोपाच्या भाषणात काय सांगितलं? की सर स्कूटरवर बसवून शिवाजी पार्कहून आझाद मैदानाला न्यायचे, का तर पोराला जास्तीत जास्त मॅच खेळायला मिळाव्या. स्टम्पवर रुपयाचं नाणं ठेवायचे, पूर्ण सेशन आउट नाही झाला तर नाणं त्याचं, अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत. आपल्याकडे थप्पड सगळे कॉपी करतात, स्कूटर कोणी करत नाही.

आणि १९८८ ची ती शालेय मॅच, सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप, त्यात डाव घोषित करा म्हणून निरोप आला होता आणि या दोघांनी तिकडे बघितलंच नाही! मला हा किस्सा फार आवडतो. इतक्या कडक सरांच्या हाताखालची पोरं, पण पिचवर स्वतःचं डोकं चालवायची हिंमत होती त्यांच्यात. ती हिंमत थप्पडीने आली असेल असं मला तरी नाही वाटत.

बाकी शाळेत हात उचलणं हा स्टाइलचा विषयच नाहीये. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. ग्राउंड शाळेचंच असतं, तिथे वेगळा कायदा नाही.

मुलगा म्हणतो सर सारखे ओरडतात. शाळा बदलू का?

थांबा जरा. काय ओरडतात ते आधी विचारा. "अबे गधड्या, डोकं आहे का तुला" आणि "अबे, डावा पाय पुढे टाक" हे दोन्ही सारख्याच आवाजात येतं, लांबून एकच वाटतं, पण पहिल्यातून पोरगा काही शिकत नाही आणि दुसऱ्यातून शिकतो. अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉलचे जॉन वुडन, ज्यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय चॅम्पियनशिप जिंकल्या, त्यांच्या पंधरा प्रॅक्टिस १९७४-७५ च्या सीझनमध्ये दोन अभ्यासकांनी बसून अक्षरशः मोजल्या. दोन हजार तीनशेच्या वर वाक्यं-सूचना निघाल्या, त्यातल्या साधारण पाऊण नुसत्या माहितीच्या, म्हणजे काय कर, कसं कर. शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास, रागावणंही तेवढंच. मी हे वाचल्यावर एका मुलीला बेंचवर बसवून माझी वाक्यं मोजायला लावली होती. काय निघालं ते सांगत नाही, लाज वाटते. पण त्यानंतर माझं "काय करून राहिली तू!" बरंच कमी झालं, कारण ते वाक्य नीट ऐकलं तर त्यात काहीच नाहीये, तिलाही माहीत आहे की ती चुकली.

चुकलं की दहा राउंड, पाणी नाही. याने पोरं टफ होतात म्हणे?

नागपुरात राहून हा प्रश्न विचारता? एप्रिल-मेच्या समर कॅम्पला सकाळी साडेसहालाच ऊन टोचायला लागतं, दुपारी पारा ४५ च्या वर जातो, तिथे पाणी बंद करणं याला कडकपणा म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात, पोरगं उलटी करून पडलं तर कोणाच्या अंगावर येईल? दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, मागायची गरज न पडता.

याचा एक गाजलेला किस्सा आहे. १९५४ मध्ये टेक्सासच्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमला बेअर ब्रायंट नावाच्या नव्या कोचने जंक्शन नावाच्या गावी नेऊन दहा दिवस भर उन्हात, पाणी न देता रगडलं, शंभरेक पोरं गेली होती, पस्तीसच्या आसपास उरली, बाकी पळून गेली. लोकं हे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या सीझनला त्या टीमने एक मॅच जिंकली आणि नऊ हरल्या, हे कोणी सांगत नाही. टीम दोन वर्षांनी चांगली झाली हेही खरं आहे, पण त्या पळून गेलेल्यांत कोण कसा खेळाडू होता हे आता कोणाला कळणार?

राउंडबद्दल माझं वैयक्तिक मत: पळणं शिक्षा म्हणून दिलं की पोरांना पळण्याचाच राग येतो, आणि खो-खो, कबड्डी, बास्केटबॉल, सगळं पळण्यावरच तर आहे.

आमचे सर काहीच बोलत नाहीत, बॉल देतात आणि झाडाखाली मोबाइल बघतात. मुलं आपली आपली खेळतात, हे चांगलंच ना, स्वातंत्र्य?

नाही. तो लेविनचा तिसरा क्लब. तिथे खेळ कमी, वाद जास्त. सर गप्प असले की टीम मोकळी होते असं नाही, टीममधला सगळ्यात दांडगा पोरगा सर होतो, तोच ठरवतो कोण खेळेल, नववीवाला सातवीवाल्याला पाणी आणायला पाठवतो आणि कोणी बघत नसतं.

तरी बोलायच्या आधी एक बघून घ्या. पीटीच्या एकाच सरांकडे कबड्डी, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स, त्यावर तासिका, त्यावर इलेक्शन ड्युटी, त्यावर ऑनलाइन माहिती भरणं. कधी कधी झाडाखाली मोबाइलवर ते खेळाडूंचीच एंट्री भरत असतात, आमच्याकडे तर हमखास.

कॅप्टन सरांनी निवडावा की पोरांनी?

मी मुलींना चिठ्ठीवर दोन नावं लिहायला लावते, दुसरं नाव पहिलं नसेल तर कोण, आणि शेवटचं मी ठरवते. नुसतं मतदान घेतलं की सगळ्यात गमतीशीर मुलगी निवडून येते, नुसतं मी निवडलं की माझी चमची म्हणतात तिला. आणि निवडल्यावर काम द्या हो तिला. वॉर्मअप ती घेईल, पहिल्या तुकडीत कोण जाईल ते ती सुचवेल. नाही तर कशाला ती पट्टी लावायची.

मुलगी टीममध्ये आहे पण मॅचमध्ये उतरवतच नाहीत.

यावर मला आधी माझंच सांगू द्या. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या मॅचला एक मुलगी, आठवीतली, पोल डाइव्हला, म्हणजे खांबाशी झेप घेऊन समोरचीला बाद करायला, चुकली आणि फाउल झाला, मी सगळ्यांसमोर ओरडून तिला बाहेर काढलं आणि नंतर पूर्ण स्पर्धेत उतरवलं नाही, तिला एक शब्दही सांगितला नाही का ते. माझ्या डोक्यात कारण होतं, समोरची टीम उंच होती, मला वेगळी चेझर हवी होती. पण ते माझ्या डोक्यातच राहिलं ना. ती पुढच्या वर्षी आलीच नाही. आणि फक्त तीच नाही, तिच्यासोबतच्या बाकीच्या मुलींनी डाइव्ह मारणं कमी केलं, कारण त्यांनी बघितलं होतं की डाइव्ह चुकली की काय होतं. ते वर्ष पूर्ण गेलं माझं ते समजण्यात की पोरी अचानक घाबरट काहून खेळून राहिल्या.

तेव्हापासून मी मॅचच्या आदल्या दिवशी सांगते: या नऊ जणी सुरुवात करतील, तू बाहेर आहेस कारण हे, आणि उतरायचं असेल तर हे जमलं पाहिजे. रडतात कधी कधी. रडू देते, पण कारण माहीत असलेलं रडणं दोन दिवसांत संपतं.

तुम्ही सरांना भेटायला जाल तर "काहून खेळवत नाही" असं नका विचारू, "उतरायला तिला काय शिकावं लागेल" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सर बचाव करतील, दुसऱ्याला काम सांगतील. काहीच सांगता नाही आलं त्यांना, तर मग समजून जा.

मुलींच्या टीमला वेगळी स्टाइल लागते का?

मुली नाजूक असतात, त्यांना हळू बोला, हे मला पटत नाही, माझ्या पोरी गुडघे सोलून घेतात आणि हसतात. फरक दुसरीकडे पडतो. पाळीच्या दिवसांत सुट्टी मागायची की नाही, कपडे बदलायला जागा कुठे, बाहेरगावी स्पर्धेला गेलो तर रात्री कोण सोबत, हे ज्या सरांना मोकळेपणाने विचारता येत नाही तिथून मुली गळतात आणि कारण "अभ्यास" असं सांगतात. मुलींच्या टीमसोबत बाई असायलाच पाहिजे, यात तडजोड नको.

सर स्वतःची स्टाइल बदलू शकतात का? की स्वभावाला औषध नाही?

बदलते, आणि फार कमी वेळात. अमेरिकेत सिएटलला स्मिथ आणि स्मोल नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांच्या बेसबॉलच्या काही कोचना अडीच तासांचं ट्रेनिंग दिलं, मुख्य मुद्दे अगदी साधे: चांगलं केलं की लगेच सांगा, चुकल्यावर धीर द्या आणि कसं सुधारायचं ते सांगा, अपमान करू नका. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ट्रेनिंग घेतलेल्या कोचकडची ५ टक्के मुलं पुढच्या सीझनला सोडून गेली, बाकी कोचकडची २६ टक्के. आणि मॅच जिंकण्या-हरण्यात दोघांत फरक नव्हता! म्हणजे गोड बोलून टीम जास्त जिंकली असं नाही, पण पोरं टिकली. आता शाळेत पोरगं चौदा वर्षांखालच्या टीममध्ये येतं, मग सतरा, मग एकोणीस. पाचातलं एक जास्तीचं पोरगं दरवर्षी गळत गेलं तर सतराखालच्या टीमला उरेल कोण? इथे आम्ही दरवर्षी सातवीपासून नव्याने सुरू करतो आणि मग म्हणतो की मोठ्या गटात नागपूरला टीमच तयार होत नाही.

मी स्वतः एक गोष्ट उचलली ती कॅलिफोर्नियातल्या डे ला साल हायस्कूलची. त्यांची फुटबॉल टीम, म्हणजे त्यांचा तो अंडाकृती बॉलचा फुटबॉल, १९९२ पासून सलग १५१ मॅच हरली नाही. तिथे प्रत्येक पोरगा आठवड्याचं आपलं ध्येय कार्डावर लिहून टीममधल्याच दुसऱ्या पोराच्या हातात द्यायचा. कोचच्या हातात नाही, हे महत्त्वाचं. आम्ही वहीची पानं फाडून केलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी "मी चांगली खेळेन" लिहिलं, काय कामाचं ते. तिसऱ्या आठवड्यापासून "रोज वीस वेळा पोलवर वळणार" असं यायला लागलं, आणि मग मला कोणी आज केलं का हे विचारायचीच गरज उरली नाही, त्या एकमेकींचाच जीव खात होत्या.

वर्षाच्या मध्ये सर बदलले, टीम बिघडली.

होतं असं. कडक सर जाऊन मऊ सर आले की पहिला महिना पोरं नुसती मोकाट सुटतात, सगळे म्हणतात बघा, जुनेच बरे होते. एक महिना द्या. उलट्या बाजूने, मऊ सरांनंतर कडक आले की चांगले खेळाडू आधी सोडतात, त्यांना दुसरीकडे क्लब मिळतो ना.

मॅचला आम्ही बाहेरून सांगितलं तर चालतं का?

नाही चालत. सर एक सांगतात, बाबा दुसरं, पोरगं मध्ये. टाळ्या वाजवा.

ग्रेस मार्क मिळतील म्हणून खेळवतोय, सर कसेही असले तरी काय फरक?

दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षणही आहे, खोटं कशाला बोला, आमच्या अर्ध्या टीमचे आई-बाप त्यासाठीच पाठवतात आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. पण ते सर्टिफिकेटपर्यंत पोचायला पोरगं टीममध्ये टिकलं पाहिजे ना.

खरंच त्रास होत असेल तर कुठे बोलायचं?

आधी लिहून ठेवा, कधी, काय, कोणासमोर. मग मुख्याध्यापक, लेखी, पोच घेऊन. शाळेने दाबलं तर शाळा व्यवस्थापन समिती आणि शिक्षणाधिकारी कार्यालय. मारहाण किंवा अंगाला हात लावण्याचा प्रकार असेल तर ही पायरी-पायरी विसरा, सरळ पोलीस किंवा चाइल्ड हेल्पलाइन १०९८. "टीममधून काढतील" या भीतीने पोरं महिनोन्‌महिने बोलत नाहीत, म्हणून घरी तुम्हीच विचारत राहा, आणि जिंकून आल्यावरही विचारा.

सर कसे आहेत हे बघायला प्रॅक्टिसला आलो तर नेमकं काय बघू?

न सांगता या, सकाळी सहाच्या सुमाराला, आणि लांब बसा, सरांच्या शेजारी खुर्ची टाकून नका बसू. गोल करणाऱ्याकडे नका बघू, चुकणाऱ्याकडे बघा. चुकल्यावर तो आधी कुठे बघतो, बॉलकडे, सोबत्याकडे की सरांकडे? पोरं सरांना प्रश्न विचारतात का? सगळ्यात कच्च्या पोराला पूर्ण तासात किती वेळा नावाने हाक मारली? आणि मधे सर पाणी प्यायला किंवा फोन घ्यायला बाजूला गेले की उठून जाऊ नका, तेवढा वेळ तर मुद्दाम बसा. सर परत येईस्तोवर काय चाललं होतं ते बघून घ्या, मग घरी जाताना तर्री-पोहा खात ठरवा पोराला इथे ठेवायचं की नाही.